टाकी तीच, पल्ला कमी

भिलाईच्या स्मृति नगरातून सुट्टीच्या दिवसांत दुचाकीवर नागपूरला निघणाऱ्यांचा हिशेब साधा असतो. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा हा रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटरचा, जाऊन-येऊन पाचशे. शंभर सीसीच्या सर्वपरिचित मोटारसायकलची टाकी ९.८ लिटरची. अॅव्हरेज लिटरला ५५ किलोमीटर धरले, तर पूर्ण टाकीचा पल्ला ५३९ किलोमीटर होतो, म्हणजे एकदा टाकी भरून घरी परतता येते. अॅव्हरेज चार टक्क्यांनी घसरले, तर पल्ला ५१७ वर येतो. परतीच्या वाटेवर राजनांदगाव ओलांडताना रिझर्व्हकडे लक्ष ठेवावे लागते, इतकेच. पण गाडीच्या इंजिनात काही 'काम' केलेले असेल आणि त्यामुळे आणखी सहा टक्के गेले असतील, तर तोच पल्ला ४८५ च्या आसपास येतो. घर पंधरा किलोमीटरवर असताना गाडी ढकलावी लागते.

ही आकडेमोड कोणा एका वाहनचालकाची नाही. देशातील पेट्रोलचा मोठा ग्राहक मोटारीत बसलेला नसून दुचाकीवर बसलेला आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी २०१३ मध्ये झालेल्या पाहणीत पंपांवर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी ६१.४२ टक्के दुचाकींच्या टाकीत जात असल्याचे आढळले होते. मोटारींचा वाटा ३४.३३ टक्के होता. त्यानंतर मोटारी वाढल्या, तशा दुचाकीही वाढल्या. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. तरीही इंधनाच्या धोरणाची चर्चा निघाली, की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोटारच दिसते.

स्मृति नगर ही भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या नगररचनेबाहेर, जुनवानी आणि कोहका यांच्या शेजारी वाढलेली गृहनिर्माण वसाहत. १९५५ च्या सोव्हिएत कराराने उभ्या राहिलेल्या आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या या शहरात देशाच्या प्रत्येक प्रांतातून माणसे आली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. (नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली हा मुलूख १८५४ पर्यंत होता, त्यामुळे ही वाट त्यांना अनोळखी नव्हती.) आता या पट्ट्यात महाविद्यालये आहेत, शिकवण्यांचे वर्ग आहेत, घरपोच वस्तू पोहोचवणारे तरुण आहेत. भारतातील मध्यम आकाराच्या कोणत्याही शहरासारखीच इथली हालचालही दोन चाकांवर चालते, आणि म्हणूनच इंजिनातील फेरफार आणि इंधनाचा पल्ला हा विषय इथून पाहिला, तर तो छंदाचा राहत नाही. सार्वजनिक धोरणाचा होतो.

फेरफार म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. सर्वांत सोपा आणि सर्वांत गोंगाटाचा प्रकार म्हणजे सायलेन्सर बदलणे. धूर बाहेर पडण्याचा अडथळा कमी झाला, की इंजिन मोकळे श्वास घेते, ही समजूत अर्धीच खरी आहे. हवा अधिक आत आली, तर तिच्या प्रमाणात पेट्रोलही अधिक द्यावे लागते. ते न दिल्यास मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते आणि अडखळते. मग मिस्त्री कार्बोरेटरचे जेट मोठे करतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण १३ वर आणले, तर तितक्याच हवेसाठी सुमारे १३ टक्के जास्त पेट्रोल खर्ची पडते. त्या बदल्यात ताकद मिळते ती किंचित. पिस्टन आणि सिलिंडर मोठे करणे हा त्याहून खर्चिक प्रकार, आणि त्यात पल्ल्याचा विचार कोणी करतही नाही. फक्त एक फेरफार उलट दिशेने जातो. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात वाढवला, म्हणजे चौदाच्या जागी पंधरा दातांचे बसवले, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सात टक्क्यांनी कमी होतात. सपाट महामार्गावर याने अॅव्हरेज थोडे वाढू शकते. गावातल्या चढावर आणि मागे माणूस बसलेला असताना तोच दात अंगाशी येतो.

नव्या गाड्यांत हे सारे इलेक्ट्रॉनिक झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. धूरनळीतील ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची खबर नियंत्रकाला देतो आणि तो इंधन कमी-जास्त करतो. त्यावर उपाय म्हणून बाजारात सेन्सरला चकवणाऱ्या डब्या आल्या, नियंत्रकातील नकाशा बदलून देणारे आले. तत्त्व तेच: थोडी जास्त धाव, आणि तिची किंमत टाकीतून.

कायद्याचे या सर्वांविषयीचे मत कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ विनिर्देशात बदल करण्यास मनाई करते. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल नोंदणीकृत वाहनात करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आले आणि अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आवाज आणि धूर यांच्या मानकभंगासाठी कलम १९० वेगळे आहे. जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवण्याचे दृश्य आता अनेक शहरांत वर्षातून एकदा तरी पाहायला मिळते. फटाक्यासारखा आवाज काढणाऱ्यांबद्दल कोणाला सहानुभूती असण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकालाही ती नाही.

प्रश्न वेगळाच आहे. नागरिकाने इंजिन बदलू नये, हे राज्यसंस्थेने बजावले, आणि त्याच काळात त्या इंजिनात जाणारे इंधन राज्यसंस्थेने बदलले.

२०१४ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे उद्दिष्ट मूळ मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले गेले. प्रशासकीय पातळीवर ही कामगिरी मोठी आहे, हे मान्य करायला हवे. इथेनॉलमुळे २०१४-१५ पासून १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचल्याचा केंद्र सरकारचा दावा आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना उसाची थकीत रक्कम चुकती करण्यासाठी या पैशाचा आधार झाला, हेही इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मात्र इथेनॉलचे भौतिकशास्त्र कोणत्याही मंत्रालयाच्या अखत्यारीत येत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे वीस टक्के मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के आणि दहा टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी. इथेनॉलची भरपाई त्याच्या ऑक्टेन गुणात आहे. ते अधिक दाब सहन करते, म्हणून उच्च दाबगुणोत्तराच्या आणि त्यासाठीच जुळवलेल्या इंजिनात ही तूट बरीच भरून निघते. जुन्या इंजिनाला हा गुण वापरता येत नाही. त्याच्या वाट्याला फक्त तूट येते.

ही गोष्ट सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. ५ जून २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते प्रकाशित झालेल्या नीती आयोगाच्या इथेनॉल आराखड्यात ती स्वच्छ लिहिलेली आहे. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींत वीस टक्के मिश्रणाने ३ ते ४ टक्के कार्यक्षमता जाईल, तशाच मोटारींत ६ ते ७ टक्के जाईल, आणि इंजिनाचे भाग व जुळवणी यांत बदल केल्यास ही घट कमी करता येईल, असे तो आराखडा म्हणतो. पल्ला राखायचा तर इंजिनात फेरफार हवा, ही कबुली सरकारी कागदावरच आहे. एप्रिल २०२३ पासून या इंधनाला टिकणारे भाग असलेली वाहने आणि एप्रिल २०२५ पासून त्यासाठी जुळवलेली इंजिने, असा क्रम त्यात सुचवला होता. त्यापूर्वी विकल्या गेलेल्या गाड्यांचे काय? एकट्या २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी ११ लाख दुचाकी विकल्या गेल्या, आणि त्यांतील बहुतेक कार्बोरेटरच्या होत्या. सात-आठ वर्षांची मोटारसायकल भारतात म्हातारी समजली जात नाही. ती धाकट्या भावाकडे जाते, मग गावी जाते.

कार्बोरेटरला सेन्सर नसतो. त्याच्या जेटचे छिद्र ठरलेले असते. इथेनॉलला जळण्यासाठी कमी हवा लागते, एका भागाला फक्त नऊ भाग. त्यामुळे पेट्रोलसाठी बेतलेल्या छिद्रातून वीस टक्के मिश्रण आले, की इंजिनाच्या दृष्टीने ते विरळ ठरते. थंडीत सकाळी गाडी पटकन सुरू होत नाही, एक्सलेटर पिळताना झटका बसतो, अशा तक्रारी मिस्त्रीकडे येतात. मिस्त्री एअर स्क्रू फिरवतो किंवा जेट एक क्रमांकाने मोठे घालतो. गाडी सुरळीत चालू लागते आणि अॅव्हरेज आणखी थोडे उतरते. गल्लीतल्या गॅरेजात पाना घेऊन बसलेला माणूस राष्ट्रीय इथेनॉल कार्यक्रमाचे उरलेले काम करतो, मात्र त्याच्याकडे ना मोजमापाचे यंत्र असते, ना कंपनीचे मार्गदर्शन. कलम ५२ च्या व्याख्येत हा बदल बसतो की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. विशेष म्हणजे त्याच कलमात वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवून इंजिनात बदल करण्याची मुभा आहे; सीएनजी आणि एलपीजीच्या गाड्या त्याच दाराने आल्या. सत्तर-ऐंशी हजारांच्या जुन्या दुचाकीसाठी शे-पाचशे रुपयांचे प्रमाणित जेट आणि रबरी भागांचा संच त्याच दाराने आणणे अवघड नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर तक्रारींचा भडका उडाल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला. त्यानुसार दहा टक्के मिश्रणासाठी रचलेल्या आणि वीससाठी जुळवलेल्या चारचाकींत घट १ ते २ टक्के, तर इतर वाहनांत ३ ते ६ टक्के. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात. ते स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होण्यासारखे आहे, असेही त्यात म्हटले होते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर प्रमाण दर्शवणारी सूचना मागणारी याचिका फेटाळली. कार्यक्रमामागे निहित स्वार्थांचा विरोध असल्याची भूमिका महान्यायवादींनी मांडली होती. गाडी बंद पडेल, विमा नाकारला जाईल, अशा अफवांना आधार नव्हता, हे खरे. पण अफवा खोटी ठरली म्हणून तूट खोटी ठरत नाही.

ती तूट कोणाला किती लागते, ते पाहू. लिटरला ५० किलोमीटर देणारी दुचाकी आणि चार टक्के घट धरू. सरकारच्याच पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळचा हा आकडा आहे. स्मृति नगरातून कार्यालयात जाऊन-येऊन रोज २० किलोमीटर करणाऱ्या कारकुनाला वर्षाच्या ३०० दिवसांत पाच लिटर पेट्रोल जास्त लागते. शंभर रुपये लिटरच्या हिशेबाने हे पाचशे रुपये. त्याला जाणवणारही नाहीत. तीच गाडी घेऊन रोज १२० किलोमीटर फिरणाऱ्या घरपोच सेवेतील तरुणाला तीस लिटर जास्त लागते. त्याचे तीन हजार रुपये जातात, आणि त्याला मिळणारा मोबदला प्रत्येक फेरीवर ठरलेला असतो. शिवाय त्याची गाडी बहुधा सेकंडहँड, म्हणजे कार्बोरेटरचीच असण्याची शक्यता जास्त. सरासरीच्या भाषेत बोलणाऱ्या खुलाशात हा माणूस सापडत नाही.

नीती आयोगाच्या आराखड्यात यावरही उत्तर होते. जास्त इथेनॉलच्या इंधनाची किरकोळ किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावी, म्हणजे ऊर्जेतील घटीची भरपाई होईल आणि लोक ते स्वीकारतील, असे त्यात म्हटले होते. आराखड्यातील उद्दिष्ट वेळेआधी पूर्ण झाले; ही शिफारस मात्र मागे राहिली. मंत्रालयाचे म्हणणे असे, की इथेनॉलच आता महाग आहे: ३१ जुलै २०२५ रोजी त्याची सरासरी खरेदी किंमत वाहतूक व जीएसटीसह लिटरला ७१.३२ रुपये होती, आणि ती शुद्धीकरण कारखान्यातील पेट्रोलपेक्षा जास्त आहे. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण त्याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. दोन तृतीयांश ऊर्जा देणारा द्रव पेट्रोलपेक्षा महाग विकत घेतला जातो आणि ग्राहकाला पूर्ण भावाने दिला जातो, असे त्यात सांगितलेले आहे.

आणि छत्तीसगडच्या बाबतीत गोष्ट इथेही संपत नाही. महाराष्ट्रात इथेनॉल म्हटले की ऊस आठवतो. पण आता त्याचा मोठा भाग मका आणि तांदूळ यांतून येतो, आणि छत्तीसगड तांदळाचे कोठार आहे. २०२४-२५ च्या हंगामात भाताची केंद्रीय आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. राज्य सरकार वरची भर घालून शेतकऱ्याला ३,१०० रुपये देते. शंभर किलो भातातून ६७ किलो तांदूळ निघतो असे धरले, तर केवळ आधारभूत किमतीनेच तांदूळ क्विंटलला ३,४०० रुपयांच्या वर जातो. राज्याचा भाव धरला तर ४,६०० च्या वर. भरडाई, पोती, साठवणूक वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी २,८०० वरून २,२५० रुपये क्विंटल केला. गोदामे भरून वाहत असताना तांदूळ सडवण्यापेक्षा हे बरे, असे म्हणता येईल. पण दीड वर्षापूर्वी, जुलै २०२३ मध्ये, हाच पुरवठा धान्याच्या चिंतेने थांबवला होता. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाबाबतही तेच झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते बंधन उठले. साठा जास्त तेव्हा इंधन, कमी तेव्हा अन्न, असे हे धोरण आहे. मिश्रणाचे प्रमाण मात्र त्यासोबत वर-खाली होत नाही. भिलाईचा दुचाकीस्वार पंपावर घटीची किंमत मोजतो आणि करदाता म्हणून गोदामातल्या फरकाचीही.

इतर देशांनी दुचाकीचा विचार कसा केला? अमेरिकेत पंधरा टक्के मिश्रणाला परवानगी देताना पर्यावरण संरक्षण संस्थेने मोटारसायकली वगळल्या. त्यांच्या टाकीत ते इंधन भरणे नियमबाह्य आहे आणि पंपावर तशी पट्टी असते. ब्राझीलने उलट टोक गाठले: १ ऑगस्ट २०२५ पासून तिथे पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे. पण तिथे कोणत्याही प्रमाणावर चालणारी मोटारसायकल २००९ पासून मिळते, शुद्ध इथेनॉल वेगळ्या नळीने विकले जाते, आणि इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून खाली असेल तरच ते भरायचे, हा हिशेब तिथल्या चालकाच्या अंगवळणी पडला आहे. एकाने पट्टी लावली, दुसऱ्याने भावातला फरक दिला. आपल्याकडेही शुद्ध इथेनॉलवर चालणारी मोटारसायकल जुलै २०१९ मध्ये बाजारात आली होती आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लेक्स-फ्युएल गाडीही आली. इंधनाच्या भावात ग्राहकाला फायदा दिसेपर्यंत त्या शोरूममधल्या कुतूहलाच्या वस्तू राहणार.

आणखी एक उणीव क्वचितच बोलली जाते. मोटारींसाठी २०१७ पासून इंधन-कार्यक्षमतेचे बंधनकारक निकष आहेत. दुचाकींसाठी तसे नाहीत. ज्या वाहनांनी देशातील पेट्रोलचा मोठा हिस्सा जाळावा, त्यांचे अॅव्हरेज बाजाराच्या भरवशावर सोडलेले आहे. भारतीय ग्राहक अॅव्हरेजबद्दल इतका दक्ष असल्याने ही व्यवस्था आजवर चालून गेली. १९८५ साली 'भरा, बंद करा आणि विसरा' अशा धर्तीच्या जाहिरातीवर शंभर सीसीची गाडी विकली गेली आणि एका पिढीची खरेदीची सवय ठरली. पण तो ग्राहक दोन गाड्यांची तुलना करू शकतो. दोन इंधनांची करू शकत नाही, कारण पंपावर दुसरे इंधनच नाही. प्रदूषण तपासणीच्या केंद्रावर तपासतात तो धूर. पल्ला कोणी तपासत नाही, आणि त्यामुळे अॅव्हरेज का उतरले, इंधनाने, मिस्त्रीने की स्वतःच्या सायलेन्सरने, हे ठरवण्याचे साधन चालकाकडे नाही. स्वतः बसवलेल्या गोंगाटाचा दोष इथेनॉलवर ढकलणारेही मग मोकळे सुटतात.

आता सत्तावीस टक्क्यांची चर्चा सुरू आहे. वीसवरून सत्तावीसवर जाताना लिटरमागे ऊर्जा आणखी अडीच टक्क्यांनी उतरेल आणि ऑक्सिजन सेन्सर असलेल्या अनेक गाड्यांनाही आपल्या जुळवणीची मर्यादा गाठावी लागेल. त्यापूर्वी तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत आणि तिन्हींना नवा कायदा लागत नाही: प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहिणे, जुन्या दुचाकींसाठी उत्पादकांकडून प्रमाणित जेट व रबरी भागांचा संच कलम ५२ खालीच मंजूर करून घेणे, आणि उत्पादन शुल्कात ऊर्जेच्या तुटीइतकी, लिटरला तीन-चार रुपयांची, सूट देणे. यांतील पहिल्या दोन जवळजवळ फुकट आहेत. तिसरीवर अर्थ मंत्रालय हरकत घेईल, कारण वाचलेल्या परकीय चलनाचा आकडा एका खात्यात जमा होतो आणि सोडलेला महसूल दुसऱ्या खात्यातून जातो.